बदकांचे पाणी आणि चंद्राचे पोहे

मी एक जुने लाकडी उखळ आहे. मेकाँग नदीच्या मुखाशी, व्हिएतनाममधल्या ख्मेर लोकांच्या एका खेड्यात, सारुन आजोबांच्या अंगणात राहते. मित्रांनो, तुमची कोजागिरी सरली की महिन्याने आमची पौर्णिमा येते. कोवळे भात भाजून माझ्यात गरमागरम कुटायचे, पोहे चंद्राला दाखवायचे, मग वडीलधाऱ्याने ते मुलांच्या तोंडात कोंबून विचारायचे, काय हवे? भरल्या तोंडाने येईल ते उत्तर खरे होते म्हणतात.

त्या उत्तरांचे मला भारी कुतूहल. आधी मुले म्हैस मागत, मग सायकल, मग मोबाइल. आजोबांची लेक नेआरी हिने शहर मागितले, आणि ती खरेच तिकडच्या चपलांच्या कारखान्यात गेली.

पुढे शेतात खारे पाणी शिरले, भाताच्या जागी कोळंबीची तळी आली. पोहे पाकिटातून येऊ लागले आणि माझ्यात बदकांचे पाणी. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. बदके मात्र स्वभावाने चांगली.

यंदा नेआरी आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, चिंदाला, घेऊन आली. सोबत पोह्यांचे पाकीट होते. हे मी नातीला भरवणार नाही, आजोबा हटून बसले. सणाला कारखान्याची सुट्टी नसते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परतायचे होते.

"मग तिला कोणी काही विचारायचंच नाही का, बाबा?" नेआरी म्हणाली.

 नेआरी उठली, नदीपलीकडे अजून भात पिकवणाऱ्या मावशीकडून पिशवीभर कोवळे भात घेऊन आली. मला उपडे करून दुपारभर उन्हात ठेवले.

कुटायला दोघे लागतात, आळीपाळीने. नेआरीचे मुसळ आधी आजोबांच्या मुसळावर आपटले, मग माझ्या काठावर.

"पोहे कुटतेस की चपला ठोकतेस?"

"तुम्हीच मध्ये येताय, बाबा."

हळूहळू हात जुळले. आवाज ऐकून शेजारी आपापली पाकिटे घरी ठेवून आले. पोहे जरा ओलसरच झाले.

चंद्र वर आला. आजोबांनी चिंदाचे तोंड भरले आणि विचारले. ती कितीतरी वेळ चावत राहिली. मी कान टवकारले.

"पुढच्या वर्षी मी कुटणार," ती म्हणाली.

आजोबांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि डोळे पुसले.

सकाळी त्या दोघी गेल्या. माझ्यात पुन्हा पाणी भरले. त्याची तक्रार नाही, मित्रांनो. एवढेच मागते, पौर्णिमेच्या चार दिवस आधी मला कोणीतरी आठवणीने उपडे करा. ओल्या उखळात पोहे नीट होत नाहीत, आणि चिंदा येणार आहे.