औषधाच्या कपाटामागे

क्लिंट गेला फेब्रुवारीत, आणि मेमध्ये वर्लिनने बाथरूम फोडायला घेतली.

वर्लिन स्टॉजिल माझा शेजारी. विटांच्या भट्टीवर आम्ही दोघांनी एकाच पाळीत एकोणतीस वर्षं काढली. घर त्याच्या बापाने स्वतःच्या हाताने बांधलेलं. वर दोन खोल्या आणि मधे एवढीशी बाथरूम. कमोडवर बसलं की गुडघे टबाला टेकायचे. तिथेच त्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा, क्लिंट, आतून कडी लावून मेला. हातात नशेची सुई तशीच टोचलेली होती. वर्लिन खाली बास्केटबॉलची मॅच बघत बसला होता. अग्निशमनवाल्यांनी कुऱ्हाडीने दार फोडलं, आणि तेव्हापासून दाराच्या जागी एक चादर टांगलेली होती.

ओनेडा, त्याची बायको, त्या चादरीपलीकडे पुन्हा गेली नाही. तळघरात एक जुना कमोड होता, तो ती वापरायची. आंघोळीला गाडी काढून चार मैलांवर बहिणीकडे जायची.

"होडी विकली," वर्लिन एके सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाला. "नऊशे डॉलर आले. तेवढ्यात सगळं बसवायचं."

"नऊशेत? अरे, प्लंबर नुसता दारात उभा राहायचे दोनशे घेतो."

"प्लंबरला बोलावतंय कोण? तू आहेस की फुकटचा."

त्या दिवसांत तो हसताना दिसला तो एवढाच.

पहिल्या दिवशी कमोड आणि बेसिन उतरवलं. दुसऱ्या दिवशी टब. टब बिडाचा, जुना. अख्खा काढायचा तर चार माणसं लागली असती. म्हणून त्यावर जाड गोधडी टाकली आणि वर्लिनने घण उचलला. मी म्हटलं, "थोडा वेळ मला दे." त्याने दिला नाही. टब फुटून गेला तरी तो मारतच होता. शेवटी मी त्याचं मनगट धरलं. "झालं, वर्लिन. फुटला तो." तेव्हा तो थांबला. घामाने निथळत होता. तुकडे आम्ही बादलीतून खाली नेले. खाली ओनेडा स्वयंपाकघरात बीन्स निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी भिंतीतलं औषधाचं कपाट काढलं. पत्र्याचं, आरशाचं दार असलेलं. असल्या जुन्या कपाटांना मागच्या पत्र्यात एक बारीक फट असते. दाढीचं वापरलेलं ब्लेड तिच्यातून टाकायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडतं, विषय संपला. वर्लिनच्या बापाने तशी ब्लेडं टाकली, पुढे वर्लिननेही.

कपाट हातात घेऊन वर्लिन बघत राहिला. "हॉइट," तो मला म्हणाला, "ही फट बघ."

फट कानशीने घासून रुंद केलेली होती. अंगठा जाईल एवढी. तिच्यापुढे नेहमी पावडरचा डबा असायचा, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याने पहारीने खालचं प्लास्टर पाडलं. पोकळीतून आधी धूळ आली, मग सुया आल्या. नारिंगी टोपणांच्या बारीक सिरिंजा, इन्सुलिनच्या असतात तशा. एकामागून एक सरकत त्या जमिनीवर आल्या. त्यांच्या खाली, तळाशी, गंजून एकमेकांना चिकटलेल्या ब्लेडांचा गठ्ठा होता.

"गेला तेव्हा नशा सोडून तेरा महिने झाले होते त्याला," वर्लिन म्हणाला. "चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं त्याने. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या."

एवढ्या सिरिंजा चार-दोन आठवड्यांच्या नव्हत्या, वर्षभराच्या तरी होत्या. तो जाड हातमोजे घालून गुडघ्यांवर बसला आणि एकेक उचलून कॉफीच्या डब्यात टाकू लागला.

"ओनेडाला कळता कामा नये," तो म्हणाला. "खालून काही विचारलं तर उंदरांचं घरटं होतं म्हणून सांग."

"मला माहीत आहे," ओनेडा म्हणाली.

ती चादरीशी उभी होती, हातात सँडविचची ताटली घेऊन. जिना चढून कधी आली, आम्हाला कळलंच नव्हतं.

"काय माहीत आहे तुला?"

"माझी उशी याच भिंतीला असते. मला ऐकू यायचं. टक् करून पडायचं काहीतरी."

वर्लिन तसाच गुडघ्यांवर. "कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"त्याने हातापाया पडून सांगितलं होतं, डॅडला कळू देऊ नकोस. तू काय म्हणाला होतास त्याला? पुन्हा सापडलास तर सामान रस्त्यावर फेकीन. तू बोलतोस ते करतोस, वर्लिन. मी तुला ओळखते."

"मग? काय मिळवलंस?"

"बाहेर कुठे तरी गाडीत मेला असता."

"इथे मेला की!"

"हो," ती म्हणाली. "घरात मेला."

तिने ताटली जमिनीवर ठेवली आणि खाली गेली. वर्लिनने पुन्हा सिरिंजा उचलायला सुरुवात केली. मलाही सांगण्यासारखं होतं. क्लिंट गेला त्याच्या आदल्या शरद ऋतूत तो माझ्या शेडमागे नशेत मान टाकून बसलेला मला दिसला होता; मी त्याला उठवून घरी धाडलं होतं आणि गप्प बसलो होतो. आत्ताही मी गप्पच बसलो.

काम संपायला सप्टेंबर उजाडला. जमिनीची फळकुटं कुजलेली निघाली, ती बदलली. जुन्या सामानाच्या दुकानातून कोपरा उडालेला शॉवरचा ट्रे स्वस्तात आणला. टाइल्स उरल्यासुरल्या पेट्यांतल्या, दोन तऱ्हेच्या पांढऱ्या. वर्लिनने त्या अशा लावल्या की फरक कळू नये. एकदा नळाचा सांधा गळला आणि खालचं छत भिजलं, तेव्हा लावलेल्या दोन रांगा उखडून त्याने पुन्हा बसवल्या. शिवी नाही, कुरकुर नाही. घरात दोघं कामापुरतं बोलायची: दूध आणलं का, बिल आलंय. नवं दार त्याने बाहेर उघडणारं बसवलं. त्याला आतून कडी लावली नाही, कडीच्या स्क्रूंसाठी भोकंसुद्धा पाडली नाहीत.

सगळं झाल्यावर त्याने ओनेडाला वर बोलावलं. ती उंबऱ्यावर उभी राहिली, हात लांब करून जवळची टाइल चाचपली.

"सरळ बसल्यात," ती म्हणाली.

"पाणी गरम येतं. लगेच येतं."

"छान झालंय, वर्लिन." आणि ती वळून खाली गेली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, ती बहिणीकडे राहायला गेली. बहिणीचा गुडघा बदललाय, करायला कुणी नाही, असं वर्लिन गावात सांगतो. गुडघा बदलल्याला आता दीड वर्ष झालं. रविवारी ती बीन्सचं भांडं घेऊन येते, दोघं समोरासमोर बसून जेवतात, आणि अंधार पडायच्या आत ती निघते.

परवा तो माझ्याकडे आला होता. माझ्या बाथरूमच्या दारात उभा राहून बराच वेळ भिंती बघत होता.

"तुझीही करून देतो," तो म्हणाला. "फक्त सामान आण. हात बसलाय आता."

मी बरं म्हणालो.