काळी वायर, सात नंबर

मी एका पिकअपच्या मागच्या बंपरखालचं सॉकेट बोलतोय. मुठीएवढा गोल, तेरा पिनांचा, वर स्प्रिंगचं झाकण. मागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडला की त्याचे सगळे दिवे माझ्यातून पेटतात. मी चिडलेला आहे, हे आधीच सांगतो. गोड आठवणी हव्या असतील तर कॅम्परमधल्या किटलीला विचारा.

मला बसवलं अरुंधतीनं. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये वैद्यकीय यंत्रांच्या वायरिंगवर पंधरा वर्षं काम केलेली बाई. एका शनिवारी सतरंजी पसरून ती गाडीखाली आडवी झाली. नवरा, पद्माकर, टॉर्च धरून बसला. प्रत्येक वायरला तिनं चिठ्ठी लावली, मराठीत, वरून पारदर्शक टेप. मराठीत कशाला, असं त्यानं विचारलं.

"अहो, आपल्याशिवाय इथे कोण हात घालणार आहे?" ती म्हणाली. "आणि प्लग काढला की झाकण लावत जा. पाणी गेलं की पिना हिरव्या पडतात."

हे वाक्य मला पाठ आहे. त्यालाही असायला हवं होतं.

दोन उन्हाळे आम्ही बोडनझे तळ्याकाठी गेलो. निघताना ती दिवे तपासायला मागे उभी राहायची. डावा. उजवा. ब्रेक दाबा. दुसऱ्या वर्षी तिला बरं वाटेना म्हणून जुलैतच परतलो. घाईत पद्माकरनं प्लग उपटला, झाकण उघडं राहिलं. ते मी माफ केलं. त्या दिवशी कोणाचंही राहिलं असतं. नोव्हेंबरात ती गेली.

पण त्यानंतर? तो रोज गाडी लावायचा, रोज माझ्यासमोरून घरात जायचा. पाऊस आला, बर्फ आलं, रस्त्यावरचं मीठ माझ्या तोंडात उडालं. एकदा वाकायचं होतं, एवढंच.

पुढच्या जूनसाठी बोडनझेची कॅम्पर लावायची जागा अरुंधतीनंच राखून ठेवली होती. मुलगी ओवी गार्चिंगहून आली, पद्माकरचा धाकटा भाऊ सिद्धेश वाल्डॉर्फहून मदतीला आला. कॅम्पर जोडला. मागचा डावा दिवा पेटेना.

सिद्धेशनं मला खोलून मागे टॉर्च मारला. माझ्या तोंडात नाही मारला.

"दादा, काळी म्हणजे अर्थिंगची वायर. कॉलेजात पहिल्याच दिवशी शिकलो. वहिनीनं ती सात नंबरच्या पिनला लावलीय. चुकलंच तिचं."

पद्माकर सिद्धेशच्या हातातल्या पकडीकडे बघत राहिला. मेलेल्या माणसावर चूक ढकलणं किती सोपं. तिकडून उलट उत्तर येत नाही. मला आवाज असता तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो.

सिद्धेशनं तिचा जोड कापला आणि काळी अर्थिंगला लावली. दिवे लावताच फ्यूज उडाला. आल्झो, म्हणजे आता सगळंच काढून नवीन करावं लागणार, असं तो म्हणाला.

खाली पडलेली चिठ्ठी ओवीनं उचलली. तिला देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचावी लागते. "काळी. मागचा डावा दिवा. सात." मग तिनं मोबाइलवर वायरिंगचा जर्मन नकाशा काढला, दोन्ही ताडून पाहिलं.

"आईचं श्टिम्ट, बरोबर आहे, काका. ट्रेलरला काळी म्हणजे अर्थिंग नाही. अर्थिंग पांढरी."

तिनं माझ्या तोंडात टॉर्च मारला. सातवी पिन हिरवीगार होती.

पद्माकरनं वाकून माझ्या तोंडात पाहिलं. मग म्हणाला, "सिद्धेश, वायरिंग बरोबर होतं. झाकण मी उघडं ठेवलं. वर्षभर."

सिद्धेशनं मान खाली घालून काळी वायर पुन्हा सातला जोडली. पद्माकरनं गुडघे टेकून माझी एकेक पिन घासली. फ्यूज बदलला. ओवी मागे जाऊन उभी राहिली.

"लिंक्स," ती म्हणाली. डावा. "रेख्ट्स." उजवा. मग थोडं थांबून, "ब्रेक दाबा."

दोन्ही दिवे लाल झाले.

आता मी बोडनझेच्या काठी आहे. झाकण बंद आहे, तो दिवसातून दोनदा येऊन बघतो. माझा राग उतरलेला नाही. जे माणूस आता बोलू शकत नाही, त्याच्या कामाला चूक म्हणण्याआधी एकदा वाकून बघत जा. आणि त्यानं सांगितलेलं झाकण, ते माणूस असतानाच लावत जा.