आता आपल्या भाषेत वाचा

"वाचा," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा."

जमीनदाराच्या कचेरीत त्या दिवशी पंचांसकट अख्खं गाव जमलं होतं. कारकून बॅसार्डने कातड्याची जुनी गुंडाळी उलगडली, चष्मा पुसला, परत पुसला. चाळीस वर्षं तो लॅटिनमध्ये लिहीत आला आणि आम्ही न कळता खाली सहीच्या जागी फुल्या मारत आलो. यंदा लंडनहून हुकूम सुटला, कोर्टाचे कागद आता इंग्रजीत, आणि जुनेही इंग्रजीत सांगायचे. ते ऐकलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली.

आमच्याकडे शेत कुणाला द्यायचं तर एक काठी कारकुनाच्या हाती देऊन तोंडाने नाव सांगतात. माझा नवरा गिल्बर्ट मरणाला टेकला तेव्हा त्याने बॅसार्डला घरी बोलावलं, काठी दिली आणि म्हणाला, "माझ्या टॉमसिनला." अकरा वर्षांपूर्वी तो गेला, आणि शेत निघालं बॅसार्डच्या मेव्हण्याच्या, रॅल्फ क्राउचच्या नावावर. तेव्हापासून मी लोकांचे कपडे धुते आहे.

"बाई, जुनं कशाला उकरता?" बॅसार्ड म्हणाला. "लॅटिनचं इंग्रजी करताना इकडचं तिकडे व्हायचं."

"होऊ दे की. नवे पाद्रीबाबा शेजारीच बसलेत. त्यांना येतं लॅटिन. चुकलात तर सांगतील."

मग त्याने वाचलं. गिल्बर्टने राजीखुशीने शेत रॅल्फ क्राउचला दिले. साक्षीदार अँब्रोज विल्मट.

म्हातारे विल्मटकाका उठले. "मी होतो तिथं. गिल्बर्टनं बायकोचं नाव घेतलं. मला वाटलं, मागाहून त्यानं मन बदललं. आणि तू माझ्या फुलीवर क्राउचचं नाव लिहिलंस? मेल्या, मला चोर केलंस."

पंचांनी शेत मला परत दिलं. नवी नोंद लगेच करायची, तीही इंग्रजीत. बॅसार्डला सुचेना, त्याची सगळी ठरलेली वाक्यं लॅटिनमधली. शेवटी मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. टॉमसिन प्रुएट, गिल्बर्टची बायको.

"वाचा," मी म्हणाले. त्याने वाचलं.

"परत."

मला दया आली नाही. हे गिल्बर्टने ऐकायला हवं होतं, आणि तो नव्हता. पाचव्या वेळी बॅसार्डचा घसा बसला. त्याने माझ्या हाताशी असलेल्या बिअरच्या लोट्याकडे पाहिलं. मी लोटा उचलला, सावकाश सगळा प्याले आणि तोंड पुसलं.

"परत वाचा."