उजव्या कुशीतले दार

मित्रांनो, मी एक जुना, काळा-पांढरा फोटो आहे. आकाराने पोस्टकार्डाएवढा. माझ्यात एक बॉम्बफेकी विमान उभे आहे. त्याच्यापुढे चार मेकॅनिक आहेत, आणि पाचवा शिडीवरून विमानात चढता चढता वळून हसतो आहे.

युद्धाच्या काळात विमानतळावरच्या एका अंधाऱ्या खोलीत माझा जन्म झाला. फोटोग्राफर घाईत होता. त्याने निगेटिव्ह कशीबशी दिव्याखाली सरकवली, मला औषधाच्या पाण्यातून काढले आणि दोरीवर वाळत टाकले. पाठीवर पेन्सिलीने तारीख तेवढी लिहिली. त्याच दिवशी एक विमान उडाले ते परतलेच नाही. आतल्या सहा जणांची नावे पुढे दगडावर कोरली गेली. शिडीवरचा मेकॅनिकही त्या दिवसापासून दिसला नाही, पण उड्डाणाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. म्हणून त्याच्या नावापुढे शेरा पडला, 'फरारी'.

तोवर फोटोग्राफरने मला टपालाने त्याच्या घरी धाडले होते. त्याची आई आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत असे. शेऱ्याचे पत्र आले आणि मी कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली गेलो. तिथे बरीच वर्षे काढली. तक्रार नाही, फोटोला काय कळते?

आई गेल्यावर त्याच्या धाकट्या बहिणीने मला बाहेर काढले. ती शिवणकाम करायची. हेच ते हरवलेले विमान का, असे विचारून तिने मला विमानांच्या संग्रहालयात पाठवले. तिथे जुन्या फोटोंतली विमाने ओळखणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना विमानकाका म्हणत. नुसती शेपटी दिसली तरी ते विमानाची कुंडली मांडत. हरवलेल्या विमानाला एक जुळे भावंड होते. पंख, शेपटी, इंजिने, सगळे सारखे. फरक एवढाच, की एकाचे दार डाव्या कुशीत आणि दुसऱ्याचे उजव्या. हरवलेले विमान डाव्या दाराचे होते. माझ्यातले दार उजवीकडे होते. काकांनी 'ते विमान नव्हे' अशी चिठ्ठी लिहिली आणि मला खणात टाकले.

नऊ वर्षांनी बहीण स्वतः आली. आता ती काठी टेकत चालत होती.

"माझा फोटो तरी परत द्या," ती म्हणाली.

काकांनी मला टेबलावर ठेवले आणि तिच्या हातात भिंग दिले. फोटोतल्या भावाला तिने इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. बराच वेळ ती वाकून राहिली.

"दादाचा भांग असा नव्हता हो."

"वाऱ्याने विस्कटला असेल."

"आणि वाऱ्याने बटणंही फिरतात का? जन्मभर शर्ट शिवलेत मी. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी वर येते. इथे उजवी आहे. पाचही जणांची!"

काकांनी भिंग घेतले. मग भिंतीवरचा आरसा उतरवून माझ्यासमोर धरला. आरशात दार डाव्या कुशीत होते. छापताना निगेटिव्ह उलटी पडली होती, म्हणून डावे ते उजवे झाले होते. मी जन्मापासून उलटा होतो आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

"त्या दिवशी डाव्या दाराचं एकच विमान तिथे होतं, आणि तेच परतलं नाही," काका खाली बघत म्हणाले. "चुकलं माझं. मी विमानच बघत बसलो, माणसांकडे पाहिलंच नाही."

"हवाई दलाला पत्र कधी लिहिणार?"

"आज लिहितो."

"मग मी बसते इथेच."

ती बसली. काकांनी तिच्यादेखत पत्र लिहिले, शेरा पुसून सातवे नाव कोरावे म्हणून. शेवटी त्यांनी विचारले, "नाव काय लिहू?" तिने नाव सांगितले. त्या खोलीत ते नाव पहिल्यांदाच कोणी विचारत होते.

मित्रांनो, मला ऊन आणि ओल यांपासून जपलेत तर उपकार होतील. पण त्याआधी एक करा. घरातले जुने फोटो काढा आणि मागे हलक्या हाताने नावे लिहा. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच.