मागची खुर्ची

"सर, मघाशी पाच शब्द सांगितले होते. आठवतील तेवढे सांगा," रश्मी म्हणाली.

बाबारावांनी डोळे मिटले. मागच्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या बायकोने, भागीरथेने, सवयीने ओठ घट्ट दाबून धरले. सोबतच्या माणसाने खरं तर बाहेर थांबायचं असतं. पण इचोड्याजवळ मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून बाबाराव अनोळखी खोलीत एकटे बसायला घाबरत, म्हणून तिला आत बसू देत. अट एकच, बोलायचं नाही.

गेली दोन वर्षं ती त्यांना दर सहा महिन्यांनी भीमपूरहून आदिलाबादच्या या दवाखान्यात आणत होती. मेंदू किती सावरला, हे तिथली मानसशास्त्रज्ञ रश्मी तपासून पाही. आकडे उलटे म्हणायचे, आकृती काढायची, शब्द ध्यानात ठेवायचे. शब्द प्रत्येक खेपेला वेगळे. पहिल्या खेपेला, जन्मभर पोरांना पाढे शिकवलेला हा माणूस एका शब्दासाठी धडपडत होता आणि पाचही शब्द भागीरथेच्या जिभेवर होते. सांगता येत नव्हते म्हणून ती पदर पिळत बसली होती.

"विहीर," बाबाराव म्हणाले. "आरसा. लिंबू." थोडं थांबून, "घोडा."

चार. भागीरथा सुखावली आणि राहिलेला शब्द मनात शोधू लागली. तो सापडेना. मग तिच्या लक्षात आलं, बाकीचे चारही तिला आठवले नव्हते. त्यांनी म्हटल्यावरही ते ओळखीचे वाटले नव्हते. लिंबू कधी म्हटलं होतं? रश्मीने शब्द सांगितले तेव्हा ती इथंच तर होती, कान देऊन.

"कापूस," बाबाराव म्हणाले आणि हसले.

भागीरथेला तोही शब्द नवाच वाटला. मध्ये एकदा सून पूनम म्हणाली होती, आई, हे तुम्ही आत्ताच विचारलं ना. एकदा गॅसवर रिकामं पातेलं जळून काळंठिक्कर झालं होतं. थकवा आला असन, असं भागीरथाच म्हणाली होती आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. घरातला आजारी माणूस ठरलेला होता. दुसऱ्या कुणाकडे पाहायचं कुणाला सुचलंच नाही. तिलाही नाही.

रश्मी खुशीत होती. सरांची प्रगती फार चांगली आहे, आता वर्षानेच या, असं तिने सांगितलं. बाबाराव निघायला उठले. भागीरथा उठली नाही.

"बाई, माही बी परीक्षा घ्या."

रश्मीला आधी ती थट्टा वाटली. मग तिने भागीरथेचा चेहरा पाहिला.

"काऊन? तुले काय झालं?" बाबारावांनी विचारलं.

"मले एकबी शब्द नाही आठवला. तुमी सांगून राह्यले होते, अन् मले वाटे, मी पयल्यांदाच ऐकून राह्यली."

बाबारावांनी टेबलाच्या कडेला धरून आपली खुर्ची बाजूला ओढली आणि तिला जागा करून दिली. स्वतः मागे जाऊन बसले.

रश्मीने तिला वेगळे पाच शब्द सांगितले. भागीरथेने ते म्हणून दाखवले. मग सांगितल्याप्रमाणे कागदावर घड्याळाचं चित्र काढलं. आकडे सगळे एकाच बाजूला दाटले. जनावरांची नावं सांगताना ती गाय, म्हैस, बकरी म्हणाली आणि पुन्हा गाय म्हणाली. थोड्या वेळाने रश्मीने मवाळ आवाजात विचारलं, मघाचे शब्द सांगता का.

"कोन्ते शब्द?" भागीरथा म्हणाली.

मागे बाबारावांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

एका तपासणीवरून काही ठरत नाही, रश्मी सांगत होती. रक्त तपासू, डॉक्टरांना दाखवू, कधी झोपेमुळे किंवा थायरॉइडमुळेही असं होतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, मग तुलना करता येईल. तिचा आवाज मात्र मघासारखा राहिला नव्हता. भागीरथा मान हलवत राहिली. तिच्या नजरेसमोरून ते घड्याळ हलत नव्हतं. तिला ते काढताना बरोबर वाटलं होतं.

बसमध्ये कंडक्टरने बायकांच्या फुकट तिकिटासाठी तिचं आधार कार्ड पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, कुठं जायचं. अपघात झाल्यापासून बाहेरच्या माणसांशी तीच बोलत आली होती. गावाचं नाव तिला आठवत होतं, अगदी स्पष्ट. तरी ती गप्प राहिली.

बाबारावांनी घसा साफ केला. अडखळत, पण नीट ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "भीमपूर. दोघं."