म्हशीचे ओठ

ज्या दिवशी क्रांती मॅडमनी आम्हा अकरा विद्यार्थ्यांच्या कानांवर हेडफोन चढविले, त्याच दिवशी माझ्या भीतीस प्रारंभ झाला. तत्पूर्वीचे दोन महिने सुखाचे होते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील त्या दुसऱ्या मजल्यावरील वर्गात आम्ही संगणकावर केवळ चित्रे हलविण्यास शिकत होतो, आणि चित्रे हलविण्यास कान लागत नाहीत.

"आता एक आवाज लावते," मॅडम म्हणाल्या. "तो बारीक होत होत वर जाईल. ऐकू येतोय तोवर हात वर ठेवायचा. बंद झाला की खाली."

आम्ही हात वर केले. आवाज आधी भुंग्यासारखा होता, मग शिट्टीसारखा झाला, आणि मग एकाएकी नाहीसा झाला. यंत्र बिघडले असावे अशा समजुतीने मी सभोवार पाहिले. दहाच्या दहा हात वर होते. म्हणजे आवाज चालू होता. तो त्या खोलीत सर्वांसाठी होता, एकट्या माझ्यासाठी नव्हता.

हात खाली घेण्याचे धैर्य मला झाले नाही. शेजारी स्नेहल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी बसत असे. तिचा हात खाली गेला की आपणही घ्यावा, असा मी निश्चय केला. एकेक हात उतरू लागला. स्नेहलचा सर्वांच्या शेवटी उतरला, आणि मी त्याही पुढे दोन क्षण थांबलो. कारण तिच्यासोबतच घेतला असता तर माझी नक्कल उघडी पडली असती.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "ओ शिवप्रसाद! एवढ्या वरचा आवाज मला पण येत नाही हो. माणसाचे कान आहेत का कुत्र्याचे?"

वर्ग हसला. मीही हसलो.

माझी हकीकत थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. मी कबनूर गावचा. नववीत शाळा सुटली, आणि पुढे पंधरा वर्षे मी कापडाच्या मागावर उभा राहिलो. मागाच्या कारखान्यात सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांचा खडखडाट असा असतो की तेथे कोणी बोलत नाही. पाणी हवे असले, सूत तुटले असले, मालक आला असला, तरी केवळ ओठ हलवावयाचे. समोरचा ते ओठ वाचतो. पाच-सहा वर्षांत ही विद्या प्रत्येकाच्या अंगी मुरते. मात्र याच रीतीमुळे आमच्यापैकी कोण बहिरा झाला हे कोणासही समजत नाही. स्वतःस तर मुळीच समजत नाही.

माझे वडील चन्नाप्पा यांनी चाळीस वर्षे माग चालविले. ते काम सोडून घरी बसले, तेव्हा कोठे आम्हांस कळले की त्यांना काहीही ऐकू येत नाही. आता ते दिवसभर उंबऱ्यात बसतात. पाठीमागून कोणी आले की दचकतात. लग्नकार्यात माणसे त्यांच्याशी बोलत नाहीत, त्यांच्याकडे पाहून नुसती हसतात. मग आप्पाही हसतात. ते हसू मला पाहवत नाही. आपण तसे होऊ नये, म्हणूनच मी आठवड्यातील तीन दिवस मागावर आणि तीन दिवस कोल्हापुरात, अशी विभागणी केली होती. परंतु हेडफोनने मला सांगितले की मी निघालो तो फार उशिरा.

पुढील आठवड्यात वर्गाकडे एक खरे काम आले. एका गावातील दूधसंस्थेस जनावरांच्या लसीसंबंधी दोन मिनिटांची हलती चित्रफीत हवी होती. तिच्यात चंद्री नावाची म्हैस आपल्या मालकास जनावरांना लस टोचण्याविषयी चार शब्द सुनावते.

"चित्रं सगळ्यांनी वाटून घ्या," मॅडम म्हणाल्या. "म्हशीचं तोंड आणि आवाज शिवप्रसादकडं. एवढे तिखट कान आपल्यात दुसऱ्या कुणाचे आहेत? आणि शिवप्रसाद, हे नीट झालं तर तुम्हाला मी इथंच कामाला ठेवून घेते. माग सोडायचा."

'माग सोडायचा' हे वाक्य मी आजवर मनात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. त्याच क्षणी खरे सांगितले असते तर निभावले असते. परंतु बहिऱ्यास आवाजाचे काम कोण देईल? मी म्हणालो, "करतो, मॅडम."

तोंडाचे काम मला जमले. स्नेहलने चंद्रीचा आवाज दिला होता. तिला मी ती वाक्ये माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणावयास लावली, आणि 'प' म्हणताना ओठ किती मिटतात, 'ओ' म्हणताना किती गोल होतात, हे जसेच्या तसे म्हशीच्या तोंडी उतरविले. पडद्यावर आवाज बंद ठेवला तरी चंद्री काय बोलते ते मला वाचता येत असे.

आवाजाचे काम मात्र मी डोळ्यांनी केले. संगणकावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. जेथे डोंगर तेथे शब्द, जेथे सपाटी तेथे शांतता. मी त्या रांगा पाहून कापल्या आणि जोडल्या. एका गोष्टीने मात्र मनात पाल चुकचुकली. दोन शब्दांमधील सपाटी खरोखर सपाट नव्हती. तेथे एक बारीक, एकसारखी पट्टी धावत होती, अगदी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ती काय असावी? नेहमीचीच असावी का? विचारावे, तर ज्याचे कान कुत्र्याचे, त्याने ते का विचारावे?

स्नेहल खुर्ची ओढून जवळ आली. "दादा, मी एकदा ऐकू का?"

"नको," मी म्हणालो.

"अहो, आवाज माझा आणि मलाच नको?"

"झालंय सगळं. परवा बघ."

तिचा चेहरा उतरला. मी हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.

दाखविण्याच्या दिवशी संस्थेचे चेअरमन आकाराम पाटील दोघा सभासदांसह आले. पडदे ओढले गेले. मी चित्राकडे पाहत नव्हतो, चित्राच्या उजेडात माणसांचे चेहरे पाहत होतो; कारण निकाल तेथेच लागणार होता. चंद्रीने तोंड उघडताच आकाराम पाटील खुलले. "आरं तिच्या, बोलती की ही!" असे त्यांचे ओठ म्हणाले. माझा श्वास मोकळा झाला.

आणि तेवढ्यात एका सभासदाने मान झटकली. दुसऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. स्नेहलने डोळे मिटून घेतले. आकाराम पाटलांनी करंगळी कानात घालून हलविली. माझ्या कानी केवळ चंद्रीचे शब्द येत होते, तेही धुरकट; आणि माझ्याभोवती माणसे अशा कशाने तरी त्रासून चालली होती, जे मला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. त्या अंधाऱ्या खोलीत मला जी भीती वाटली, तशी भुताची गोष्ट ऐकतानाही कधी वाटली नव्हती.

मॅडमनी चित्रफीत थांबविली आणि दिवे लावले.

"काय हो बाई," आकाराम पाटील म्हणाले, "म्हशीच्या पोटात शिट्टी कुणी घातली? दात आंबलं की माझं."

"चार्जरची किणकिण आहे," मॅडम म्हणाल्या. "रेकॉर्डिंगला जवळ चार्जर चालू राहिलाय. शिवप्रसाद, हे तुम्हाला ऐकू नाही आलं?"

मी उत्तर देण्यापूर्वीच स्नेहल उठून उभी राहिली. "मॅडम, चार्जर माझा होता. माझ्याकडनं चुकलं. दादांनी सांगितलं होतं, मीच विसरले."

ती साफ खोटे बोलत होती. तिला मी ऐकूसुद्धा दिले नव्हते, आणि ती माझा अपराध स्वतःच्या माथी घेत होती. गप्प राहिलो असतो तर नोकरी माझी होती. परंतु उद्या दुसरी चित्रफीत येईल, दुसरी शिट्टी येईल, आणि पुन्हा मी चेहरे वाचीत बसेन.

"तिची चूक न्हाय," मी म्हणालो. "मला शिट्टी ऐकूच येत न्हाय. त्या दिवशी हात मी तिचा बघून खाली घेतला. मागानं कान गेल्यात माझं."

कोणी काही बोलले नाही. अथवा बोलले असतील. मी जमिनीकडे पाहत होतो.

मॅडम पाहुण्यांना घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेल्या. मी बाहेर उभा राहिलो. काचेतून त्यांचे ओठ स्वच्छ दिसत होते. माझ्या आयुष्याचा निर्णय मला अक्षरशः वाचता आला असता. तथापि माझे डोळे त्याकडे वळेनात. मी भिंतीकडे तोंड केले. किती वेळ गेला ते स्मरत नाही. एकाएकी खांद्यावर हात पडला आणि मी ओरडलोच. मॅडम दार उघडून माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, कदाचित त्यांनी दोनदा हाकही मारली असेल.

त्या मला वळवून समोर आल्या. "खोटं का बोललात?"

"भ्यालो."

"पाटील म्हणतात, तोंड बदलू नका, शिट्टी तेवढी काढा. शिट्टी स्नेहल काढेल. तुम्ही आवाजाला यापुढं हात लावायचा नाही." मग त्यांनी विचारले, "अजून मागावर जाता?"

"तीन दिवस."

"मग मागावर जाताय तोवर इकडं येऊ नका. तिकडं जायचं बंद करा, कान तपासून घ्या, आणि डॉक्टरांचा कागद घेऊन या. जेवढं ऐकू येतंय तेवढं टिकणार असेल तर चित्राच्या कामाचं बोलू. नाहीतर मी तुम्हाला उगीच आशा लावणार नाही."

बसमध्ये मी खिडकीशी बसलो. बस चालू होती, माणसे बोलत होती, आणि मी प्रथमच नीट कान देऊन ऐकत होतो की काय काय ऐकू येत नाही. ते कसे मोजावे? जे नाही त्याची यादी करता येत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा आप्पा उंबऱ्यात होते. ते दचकू नयेत म्हणून मी त्यांच्या पायाला स्पर्श होऊ नये अशा बेताने आत गेलो. माझी पत्नी पवित्रा स्वयंपाकघरात जमिनीवर परात घेऊन पीठ मळीत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि एका दमात सांगून टाकले.

ती पीठ मळतच राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"कवापासनं?"

"बाळ पाळण्यात रडायचं आणि तुमी हलत न्हवतासा, तवापासनं. दोन वर्सं झाली. म्हणून तर तुमच्या म्होरं येऊन बोलते की रोज."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"आप्पांकडं बघून तुमच्या तोंडावरला रंग उडायचा. कसं सांगू?"

एवढे बोलून ती तव्याकडे वळली आणि माझ्याकडे पाठ करून हातावरच भाकरी थापू लागली. तिचे खांदे हलत होते. ती काही बोलत होती की रडत होती, हे मला मागून कळेना. मी उठलो, परातीला वळसा घातला आणि तव्याच्या पलीकडे, तिच्यासमोर जाऊन बसलो.