कोपराच्या पट्ट्याची कैफियत

मित्रांनो, मी कोपराला बांधायचा एक जुना पट्टा. दोन्ही बाजूंना बिजागऱ्या आणि त्यांवर आकड्यांची चकती. हात किती वाकेल नि किती सरळ होईल, ते ती चकती ठरवते. कारखान्यातून आलो तेव्हा वाटलं होतं, लोक माझं ऐकतील. कसलं काय! आजवर अकरा कोपरं सांभाळली, आणि पाचवा आठवडा लागला की प्रत्येकाचं एकच पालुपद: "आता दुखत नाही, काढू का?"

पण छोटीच्या बापाने कहर केला.

छोटी भाला फेकते. फेकून फेकून तिच्या कोपराचा आतल्या बाजूचा, दोन हाडांना धरून ठेवणारा बंध तुटला. डॉक्टरांनी तिच्याच मनगटाकडचा दोरीसारखा तंतू काढून तिथे नवा बंध ओवला. मग व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला बांधलं. दर सोमवारी त्या किल्लीने चकती दहा अंश सैल करायच्या आणि बजावायच्या, "घरी कुणी हात लावायचा नाही हं!"

बाप हाच तिचा प्रशिक्षक. पाचव्या आठवड्यात त्याने सुरीच्या टोकाने माझ्या चकतीचा स्क्रू फिरवला. "निवड चाचणी तोंडावर आलीय. थोडं सैल केलं तर काय आभाळ कोसळतंय?" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात; या गृहस्थाने कोपराला बांधलं! मग त्याच्या सांगण्यावरून छोटीने भिंतीवर सहा वेळा चेंडू मारला. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. सातव्यांदा ती कळवळून खाली बसली.

ताईंनी कोपर चाचपलं, चकती पाहिली. "कुणी उघडली ही?"

"आपोआप सैल झाली असेल," बाप म्हणाला. "पट्टा जुनाच आहे ना!"

माझ्यावर ढकललं, मित्रांनो, माझ्यावर!

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बंध ताणलाय, तुटला नाही. पुन्हा असं केलंत तर भाला विसरा."

छोटी म्हणाली, "बाबा, चकती तुम्ही उघडलीत. आणि चेंडू मी मारला, कारण तुम्हाला नाही म्हणायची मला भीती वाटते."

"चकती मीच उघडली," बाप ताईंना म्हणाला. ताईंनी मला पुन्हा बांधलं.

मित्रांनो, हाडं, बंध, अंश यांचं मी बघून घेईन. तुम्ही एवढंच करा: घरातल्या पोरांना नाही म्हणता येऊ द्या. ते काम माझ्या बिजागरीला जमत नाही.